लंडनमध्ये शिकताना लंडन बघायचं कसं

लंडनला शिकायला आलेल्या बहुतेक मुलांचं असंच होतं. पहिल्या पंधरा दिवसांत बिग बेन, टॉवर ब्रिज आणि बकिंगहॅम पॅलेससमोर उभं राहून फोटो काढले जातात, ते घरच्या ग्रुपवर पडतात, आणि मग असाइनमेंट, पार्ट टाइम काम आणि स्वयंपाकाच्या पाळ्या सुरू होतात. ब्रिटिश म्युझियम कॉलेजपासून दहा मिनिटांवर आहे हे माहीत असतं. पण ‘एकदा सवडीने पूर्ण दिवस काढून जाऊ’ म्हणत मे महिना उजाडतो. प्रबंध द्यायची तारीख जवळ येते आणि पूर्ण दिवस काही मिळत नाही.

अडचण ‘पूर्ण दिवस’ या कल्पनेतच आहे. चार दिवसांसाठी आलेला पर्यटक हजारो रुपये विमानाला घालून येतो, त्याला एका दिवसात सगळं उरकावं लागतं. तुम्ही इथे वर्षभर राहणार आहात आणि इथल्या बहुतेक मोठ्या म्युझियमना प्रवेश फुकट आहे. म्हणजे दोन लेक्चरांच्या मध्ये पाऊण तास मोकळा असेल तर आत जाऊन एक दालन बघून बाहेर येता येतं. तिकीट वसूल करायचं नसलं की माणूस कंटाळा येईपर्यंतच बघतो, आणि पुन्हा यायला तयार असतो. खालचं सगळं नियोजन या एका गोष्टीवर उभं आहे.

आधी प्रवासाचं कार्ड

लंडनच्या बसमध्ये रोख पैसे चालत नाहीत. ऑयस्टर कार्ड किंवा कॉन्टॅक्टलेस बँक कार्ड लागतं. ट्यूबमध्ये, म्हणजे भुयारी रेल्वेत, आत जाताना आणि बाहेर पडताना, दोन्ही वेळा कार्ड टेकवायचं. बसमध्ये फक्त चढताना. ट्यूबमधून बाहेर पडताना विसरलात तर त्या फेरीचं जास्तीत जास्त भाडं कापलं जातं. दिवसाच्या खर्चाला ठरावीक मर्यादा आहे आणि सोमवार ते रविवार अशी आठवड्याचीही आहे, पण त्यासाठी सगळ्या फेऱ्या एकाच कार्डावर झाल्या पाहिजेत. सकाळी फोन टेकवला आणि संध्याकाळी प्लास्टिकचं कार्ड, तर यंत्राच्या लेखी तुम्ही दोन वेगळी माणसं आहात, मग बँक खातं एकच का असेना.

आता सवलती. इथे बराच गोंधळ असतो. ‘१८+ स्टुडंट ऑयस्टर’ हे कार्ड काढलं की सगळा प्रवास ३० टक्क्यांनी स्वस्त होतो, असा समज घेऊन मुलं येतात. ती सवलत आठवड्याच्या, महिन्याच्या किंवा वर्षाच्या पासवर आहे, सुट्या फेऱ्यांवर नाही. रोज लांबून कॉलेजला येत असाल तर पास काढा, हिशोब जुळेल. कॉलेजपासून चालत जाण्याच्या अंतरावर राहत असाल तर त्याचा फारसा उपयोग नाही. तेव्हा कामाला येतं ते ‘१६-२५ रेलकार्ड’. ते ऑयस्टरला जोडून घेतलं की गर्दीच्या वेळा सोडून ट्यूबच्या सुट्या फेऱ्यांवर एक तृतीयांश सूट मिळते. गर्दीची वेळ म्हणजे सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेसहा ते साडेनऊ आणि दुपारी चार ते सात. जोडणी आपोआप होत नाही. ट्यूब स्टेशनवरच्या कर्मचाऱ्याला दोन्ही कार्डं दाखवून करून घ्यावी लागते. बँक कार्डाला ही सूट जोडता येत नाही. पूर्णवेळ शिकत असाल तर पंचविशी उलटल्यावरही हे कार्ड मिळतं, कॉलेजचा शिक्का तेवढा लागतो. त्याच कार्डावर मँचेस्टर, एडिनबरोच्या रेल्वे तिकिटालाही सूट आहे, त्यामुळे एका लांबच्या सहलीतच त्याचे बरेचसे पैसे सुटतात.

फिरायला मात्र बसच चांगली. पहिल्यांदा कार्ड टेकवल्यापासून तासाभरात कितीही बसगाड्या बदला, भाडं एकदाच पडतं. २४ नंबरची बस हॅम्पस्टेड हीथकडून निघून कॅम्डन, ट्रफाल्गर स्क्वेअर आणि वेस्टमिन्स्टरवरून पिमलिकोला जाते. १५ नंबरची ट्रफाल्गर स्क्वेअरकडून सेंट पॉल्स आणि टॉवर ऑफ लंडनवरून पूर्वेला. वरच्या मजल्यावर सगळ्यात पुढची जागा धरा. पर्यटकांच्या उघड्या टपाच्या बसचं तिकीट कितीतरी पट महाग असतं आणि दिसतं जवळपास तेवढंच.

आणि ट्यूबचा नकाशा म्हणजे शहराचा नकाशा समजू नका. लेस्टर स्क्वेअर ते कॉव्हेंट गार्डन हे अंतर तीनशे मीटरसुद्धा नाही. जिन्यांनी खाली उतरून गाडीची वाट बघण्यात जेवढा वेळ जातो तेवढ्यात माणूस चालत पोचतो.

शहराचे तुकडे पाडा

बघायच्या ठिकाणांची यादी करू नका, भाग ठरवा. साउथ केन्सिंग्टनला नॅचरल हिस्टरी म्युझियम, सायन्स म्युझियम आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट, म्हणजे ज्याला सगळे व्ही अँड ए म्हणतात ते, अशी तिन्ही एकमेकांना खेटून आहेत. स्टेशनातूनच एक जुना भुयारी रस्ता थेट तिकडे नेतो, पाऊस असला तर तो वापरा. ब्लूम्सबरीत ब्रिटिश म्युझियम. तिथून चालत ब्रिटिश लायब्ररी, जिच्या फुकट दालनात मॅग्ना कार्टा ही मध्ययुगीन सनद बघायला मिळते. ट्रफाल्गर स्क्वेअरला नॅशनल गॅलरी, आणि तिथून खाली पार्लमेंटपर्यंतचा रस्ता. नदीच्या दक्षिण काठावर टेट मॉडर्न हे आधुनिक कलेचं म्युझियम. ग्रिनिच हा वेगळा दिवस. पूर्वेला स्ट्रॅटफर्डकडे अलीकडे बरंच नवीन उघडलंय, त्याबद्दल पुढे सांगतो.

ज्या भागात कॉलेज किंवा काम आहे तो भाग दुपारच्या मोकळ्या तासांसाठी ठेवा. लांबचे भाग शनिवार-रविवारसाठी. पण साउथ केन्सिंग्टनला शनिवारी आणि शाळांच्या सुट्टीत जाऊ नका. डायनासोरच्या दालनात बाबागाड्यांची इतकी दाटी असते की सांगाडे दूरच राहतात. शाळा चालू असताना आठवड्यातल्या एखाद्या दिवशी दुपारी तीननंतर गेलात तर शाळांच्या सहली परतलेल्या असतात आणि मुख्य हॉलमध्ये छतापासून टांगलेला निळ्या देवमाशाचा सांगाडा निवांत बघता येतो. प्रवेश फुकट असला तरी नॅचरल हिस्टरी आणि सायन्स म्युझियमचं वेळेचं तिकीट आधी ऑनलाइन घेऊन ठेवा; रांग वाचते.

शुक्रवार संध्याकाळ

एवढी एक सवय लावून घेतलीत तरी वर्ष सार्थकी लागेल. शुक्रवारी ब्रिटिश म्युझियम साडेआठपर्यंत, नॅशनल गॅलरी नऊपर्यंत आणि व्ही अँड ए दहापर्यंत उघडं असतं. एरवी ही सगळी पाच-सहाला बंद होतात. संध्याकाळी सहानंतर सहली गेलेल्या असतात, शहर पबमध्ये असतं, आणि ज्या चित्रासमोर दुपारी चार रांगा असतात त्याच्यापुढे तुम्ही एकटे उभे राहू शकता. वेळा अधूनमधून बदलतात, म्हणून निघण्याआधी त्या त्या म्युझियमच्या संकेतस्थळावर नजर टाका. २४ ते २६ डिसेंबर बहुतेक सगळं बंद. २५ तारखेला तर ट्यूब आणि बसही बंद असतात, तेव्हा त्या दिवसाचं सामान आदल्या दिवशीच भरून ठेवा.

आत गेल्यावर

दारातून आत गेल्यावर पहिलं काम: फुकट मार्गदर्शित फेरी कधी आहे ते विचारा. ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी आणि व्ही अँड ए तिन्हीकडे अशा फेऱ्या असतात. ब्रिटिश म्युझियममध्ये त्या एकेका दालनापुरत्या, अर्ध्या-पाऊण तासाच्या असतात. तेवढ्या फेरीत एकट्याने दोन तास भटकून मिळणार नाही इतकं कळतं.

फेरी नसेल तर एक दालन निवडा आणि त्यातल्या तीन-चार वस्तूंपुढे थांबा. बाकीच्या सरळ सोडून द्या. थांबायचं म्हणजे काय, ते दोन उदाहरणांनी सांगतो.

नॅशनल गॅलरीत होल्बाइन या चित्रकाराचं ‘द अँबॅसडर्स’ हे १५३३ सालचं चित्र आहे. दोन श्रीमंत तरुण, मध्ये मांडणीवर ग्लोब, वाद्यं, पुस्तकं. खाली पायांपाशी एक तिरका, फासटल्यासारखा राखाडी पट्टा दिसतो, रंग सांडल्यासारखा. बहुतेक लोक समोरून फोटो काढून पुढे जातात. तुम्ही चित्राच्या उजव्या कडेला जा, भिंतीच्या जवळ, आणि तिथून तिरकं खाली बघा. तो पट्टा आखडत जातो आणि मानवी कवटी होते. मग पुन्हा समोर येऊन डाव्या वरच्या कोपऱ्यात पडद्याआडून डोकावणारा क्रूस शोधा. तंतू तुटलेलं वाद्यही बघा. या एका चित्राला वीस मिनिटं सहज जातात.

दुसरं, व्ही अँड एच्या दक्षिण आशिया दालनातला टिपूचा वाघ. जवळपास खऱ्या आकाराचा लाकडी वाघ, खाली उताणा पडलेला युरोपीय माणूस. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर ईस्ट इंडिया कंपनीने तो उचलून आणला. काचेच्या कडेने फिरून वाघाच्या अंगातून बाहेर आलेला दांडा बघा. तो फिरवला की माणसाचा हात हलायचा आणि त्याच्या विव्हळण्याचा व वाघाच्या गुरगुरण्याचा आवाज यायचा. वाघाच्या पोटात छोटा ऑर्गन आहे, हस्तिदंती पट्ट्यांचा. कंपनीच्या इमारतीत तो मांडला होता तेव्हा येणारे-जाणारे दांडा इतका फिरवायचे की शेजारच्या ग्रंथालयात वाचत बसलेले लोक वैतागून गेले होते. आता कोणाला हात लावू देत नाहीत, आणि ते ठीकच आहे.

व्ही अँड एमध्ये मराठी माणूस हमखास विचारतो ती वाघनखं सध्या तिथे नाहीत. २०२४ मध्ये ती तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात पाठवली गेली आणि आधी साताऱ्यात मांडली गेली. ती महाराजांनी वापरलेलीच आहेत याचा पुरावा नाही, असं म्युझियम स्वतःच सांगतं. मला विचाराल तर तिथल्या संग्रहातली जास्त चटका लावणारी मराठी गोष्ट वेगळीच आहे. मुंबईच्या कला विद्यालयाचे, म्हणजे आपल्या जे. जे.चे, जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी १८७२ पासून तेरा वर्षं अजिंठ्याला जाऊन भित्तिचित्रांच्या मोठमोठ्या नकला काढत होते. त्या इथे पाठवल्या गेल्या आणि १८८५ च्या आगीत त्यांतल्या कित्येक जळाल्या. उरलेल्या म्युझियमकडे आहेत, बहुतांश कोठारात.

कोठार म्हटलं म्हणून. स्ट्रॅटफर्डजवळ क्वीन एलिझाबेथ ऑलिंपिक पार्कमध्ये २०२५ च्या मे अखेर ‘व्ही अँड ए ईस्ट स्टोअरहाउस’ उघडलं. म्युझियमचं गोदामच लोकांसाठी खुलं केलंय, फुकट. त्याहून विशेष म्हणजे कोठारातली वस्तू मागवून समोर बसून बघता येते. ऑनलाइन यादीतून पाचपर्यंत वस्तू निवडायच्या, किमान दोन आठवडे आधी नोंदवायच्या, आणि ठरल्या वेळी त्या टेबलावर मांडून मिळतात. त्यासाठी संशोधक असावं लागत नाही. कापड, वास्तुकला, डिझाइन किंवा इतिहास शिकणाऱ्याने हे केलं नाही तर कपाळावर हात मारून घ्यावा.

ब्रिटिश म्युझियममध्ये सगळे रोझेटा शिलेकडे धावतात. मागच्या बाजूच्या माँटेग्यू प्लेसच्या दाराने गेलात तर रांग बहुधा लहान असते आणि भारताचं ३३ नंबरचं दालन जवळ पडतं. त्याच्या टोकाला काचेआड अमरावतीच्या (विदर्भातली नव्हे, आंध्रातली) स्तूपाचे शिल्पपट आहेत. सातवाहनांच्या राज्यात तो स्तूप भरभराटीला आला, आणि सातवाहनांची राजधानी आपलं पैठण. त्या पटांमध्ये स्तूपाचंच चित्र कोरलेलं आहे, कठड्यासकट, त्यामुळे न उरलेली वास्तू कशी दिसत असेल ते कळतं.

इंजिनिअरिंगवाल्यांनी सायन्स म्युझियममध्ये चार्ल्स बॅबेज या गणितज्ञाचं ‘डिफरन्स इंजिन नंबर २’ हे आकडेमोडीचं यंत्र चुकवू नये. त्याने आराखडे केले एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात. यंत्र म्युझियमने १९९१ मध्ये त्या आराखड्यांवरून घडवलं, आणि ते बरोबर आकडेमोड करतं. खुद्द बॅबेजचा अर्धा मेंदूही तिथे बरणीत आहे. अपोलो १० चं यानही.

लहान म्युझियमही सोडू नका. एलएसईपासून (लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स) पाच मिनिटांवर सर जॉन सोन यांचं घर आहे, फुकट. एका वास्तुविशारदाने मूर्ती, चित्रं आणि इजिप्तच्या राजाची दगडी शवपेटी घरात कशी कोंबली ते बघण्यासारखं आहे. चित्रांच्या खोलीत भिंती दारांसारख्या उघडतात आणि मागे आणखी चित्रं निघतात.

पैसे कुठे टाकायचे

टॉवर ऑफ लंडनचं तिकीट महाग आहे, पण एकदा जा. विद्यार्थी सवलत विचारा आणि उघडताना पोचून आधी थेट ज्युएल हाउस गाठा. मुकुटांसमोर सरकता पट्टा आहे, कोहिनूर बघता बघता मागे जातो. उतरल्यावर पुन्हा रांगेच्या सुरुवातीला जाऊन चढायला कोणी मनाई करत नाही, गर्दी नसली तर. वेस्टमिन्स्टर ॲबी आणि सेंट पॉल्स आतून बघायला भरपूर पैसे पडतात. पण संध्याकाळच्या ‘इव्हनसाँग’ प्रार्थनेला प्रवेश फुकट आहे. फिरता येत नाही, फोटो काढता येत नाहीत, मात्र त्या छताखाली बसून गायन ऐकता येतं. उंचावरून शहर बघायला पैसे देऊ नका. स्काय गार्डन आणि होरायझन २२ दोन्ही फुकट आहेत, फक्त आधी नोंदणी लागते आणि जागा झटकन भरतात. लंडन आयमध्ये आईवडील आले तर त्यांना बसवा.

टेटच्या विशेष प्रदर्शनांसाठी १६ ते २५ वयोगटाला ‘टेट कलेक्टिव्ह’ची नोंदणी फुकट आहे, मग तिकीट पाच पौंडांत मिळतं.

सप्टेंबरात नुकतेच आला असाल तर ‘ओपन हाउस’ महोत्सवाच्या तारखा लगेच शोधा. एरवी बंद असणाऱ्या शेकडो इमारती तेव्हा लोकांसाठी उघडतात, बहुतेक फुकट. रूमवर बादल्या-गाद्या घेण्याच्या गडबडीत नवे विद्यार्थी नेमकं हेच चुकवतात.

एक मराठी रविवार

हा रस्ता कोणत्याही पर्यटक पुस्तिकेत असा जोडलेला सापडणार नाही. कोरडा दिवस निवडा.

वॉरविक ॲव्हेन्यू स्टेशनला उतरा. तिथून जवळच १०, हाउली प्लेस. चिरोल या पत्रकारावरच्या बदनामीच्या खटल्यासाठी लोकमान्य टिळक लंडनला आले तेव्हा १९१८-१९ मध्ये ते इथे राहत होते. भिंतीवर तसा गोल फलक आहे. घर खासगी आहे. रस्त्यावरून बघायचं, बेल वाजवायची नाही.

पलीकडेच लिटल व्हेनिस, जिथे कालव्यात रंगीत लांबट बोटी बांधलेल्या असतात. रीजंट्स कॅनॉलच्या काठाने पूर्वेकडे चालू लागा. सुरुवातीला काठावरची वाट बोटवाल्यांसाठी राखीव आहे, म्हणून समांतर रस्त्याने जायचं. एजवेअर रोड ओलांडून ॲबरडीन प्लेसवरून पुढे गेलं की पायऱ्या पुन्हा पाण्याकडे उतरतात. मग वाट सरळ आहे. रीजंट्स पार्कची कड, दोन्ही बाजूंना प्राणिसंग्रहालय. प्रिमरोज हिलच्या पाटीपाशी वर या. टेकडी चढायला दहा मिनिटं. वरून सगळं मध्य लंडन दिसतं. इथे डबा उघडा.

टेकडी उतरून पाच-सात मिनिटांत १०, किंग हेन्रीज रोड. १९२१-२२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर इथे राहत होते. एलएसईतला अभ्यास आणि ग्रेज इनमधली बॅरिस्टरी दोन्ही एकाच वेळी चालू. महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये हे घर विकत घेतलं आणि त्याचं स्मारक केलं. आत जाता येतं, पण उघडण्याच्या वेळा आधी तपासा. परदेशात पैशाची ओढाताण करत शिकणाऱ्याने या घरात थोडा वेळ बसावं. खोल्या लहान आहेत.

पायांत अजून जोर असेल तर चॉक फार्मवरून नॉर्दर्न लाइनने एक स्टेशन कॅम्डन टाउन, तिथे हाय बार्नेटकडच्या गाडीत बदल करून हायगेट. तिथे ६५, क्रॉमवेल ॲव्हेन्यू: श्यामजी कृष्णवर्मांनी १९०५ मध्ये सुरू केलेलं ‘इंडिया हाउस’, जिथे सावरकर राहिले. इथेही फलक आहे, इथेही घर खासगी. हायगेटचा चढ मात्र दिवसाच्या शेवटी जाणवतो.

डबा, थंडी, फोन

म्युझियमच्या कॅफेत चहा आणि केकच्या तुकड्याला जे पैसे पडतात त्यात घरी दोन वेळचं जेवण होतं. पोळीभाजीची गुंडाळी किंवा पोहे डब्यात घ्या. नॅचरल हिस्टरीच्या तळघरात डबा खायची जागा आहे; उन्हाळ्यात व्ही अँड एचं मधलं अंगण उत्तम. दालनात खाऊ नका. पाण्याची बाटली सगळीकडे भरून मिळते. मोठी सॅक नेऊ नका. दारावर तपासणीत वेळ जातो, सामान ठेवायला बऱ्याच ठिकाणी पैसे पडतात, आणि चाकांची बॅग तर ब्रिटिश म्युझियममध्ये आत घेतच नाहीत. आत उकडतं, बाहेर गारठा, म्हणून एक जाड कोटापेक्षा दोन पातळ थर बरे. डिसेंबरात चारला अंधार पडतो, तेव्हा उघड्यावरच्या गोष्टी सकाळी आणि म्युझियम दुपारी.

फोनबद्दल गंभीरपणे सांगतो. फुटपाथच्या कडेला उभं राहून नकाशा बघू नका. सायकलवरून येणारे हातातला फोन हिसकावून नेतात, मध्य लंडनमध्ये हे नेहमीचं आहे. भिंतीकडे तोंड करून किंवा दुकानाच्या दारात थांबून बघा. बँकेची ॲपं, व्हिसाची कागदपत्रं सगळं त्यातच असतं. त्यांच्या प्रती दुसरीकडे ठेवा आणि भारतातला बँकेचा नंबर कागदावर लिहून खोलीत ठेवा.

राहिला ग्रिनिचचा वेगळा दिवस. तिथे जाताना बोटीने जा, येताना गाडीने. वेधशाळेच्या आवारातल्या शून्य रेखांशावर उभं राहायला तिकीट आहे. तीच रेषा बाहेरच्या पायवाटेवर भिंतीपाशीही आखलेली आहे, तिथे पैसे लागत नाहीत. मॅरिटाइम म्युझियम फुकट. परत निघताना नदीखालच्या १९०२ सालच्या पादचारी बोगद्यातून पलीकडे चालत जा आणि आयलंड गार्डन्सच्या स्टेशनवरून डीएलआर ही स्थानिक रेल्वे पकडा.